त्रुटी क्रमांक तीन

छत्तीस वर्षं लेथवर उभा होतो, कुपवाडच्या एमआयडीसीत.
शतांश मिलिमीटर इकडचा तिकडं झाला
की जॉब भंगारात
आणि फोरमनचं तोंड सुट्टी होईपर्यंत वाकडं.

म्हणून म्हटलं, मागं एकच तर खोली वाढवायची,
तिला लागून बाथरूम, उंबरा नसलेलं
(कुसुमावतीला आता जिना चढवत नाही),
त्याच्या नकाशाला पैसे कशाला मोजायचे?
टी-स्क्वेअर आहे घरात. आयटीआयचा. अठ्ठ्याहत्तर सालचा.
एका टोकाला उंदरानं चाखलेला.

रविवारी टेप धरली,
एक टोक त्रिशलाकडं, एक माझ्याकडं.
पुढची भिंत बावीस फूट तीन.
मागची बावीस फूट सात.
पुन्हा मोजली. सात.
शेजारच्या चौगुल्यांची टेप आणली,
तीही तेच बोलली.

चार इंच!
आणि घर आखलेलं मीच, ब्याण्णवच्या मेमध्ये,
तीन-चार-पाचची दोरी लावून.
दोरीचं दुसरं टोक कुसुमावतीच्या हातात,
सातवा महिना, डोक्यावर ऊन,
आणि मी ओरडतोय, ताण, अजून ताण.
ताणलंय की ओ, म्हणाली असेल.
मी खुंटी ठोकली.
म्हणजे त्रिशला त्या दिवशीही त्याच टोकाला होती.
तिला हे बोललो नाही. ती टेप गुंडाळत होती.

रात्री कागदावर घर काटकोनात काढलं.
छान दिसलं. कुणाचंही दिसलं.
खोडलं.
चार इंच जिथले तिथं ठेवून परत काढलं.

जुनं काम तिरप्या रेघांनी, नवं लाल,
पाडायचं ते पिवळं.
पिवळ्यात गेला धुण्याचा कट्टा.
पपईला रंगच नाही, झाडं विचारत नाहीत.
मागं दीड मीटर सामासिक अंतर सोडा, म्हणतो नियम.
शाळेत वहीचा समास दुमडून घ्यायचो, त्यात काही लिहायचं नसे.
या समासात मात्र
तिची दोरी आहे, कढीपत्ता आहे,
आणि एक फुटकी बादली, जी टाकायची नाही.

कुसुमावती माझाच चष्मा लावून वाकली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग बाथरूमवर बोट ठेवलं,
"दार आत उघडतंय.
मी आत पडले तर दाराला आडवी.
उघडणार कसं तुम्ही?"

पाव वर्तुळ खोडलं, बाहेरच्या बाजूला काढलं.
एवढी एक रेघ कंपासनं काढूनही हलली.

सहीला परवानाधारक लागतो.
शीतल मगदूम, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान,
म्हणाला, काका, हातानं? आता सगळं ऑनलाइन.
मग कागद उजेडाकडं धरला,
"मी कॉम्प्युटरवर उतरवतो. मापं तुमचीच ठेवतो."
भिंत वाकडी का, ते त्यानं विचारलं नाही.

बावीस दिवसांनी महापालिकेकडून उत्तर.
एक, कंपाउंडची उंची लिहिलेली नाही.
दोन, शोषखड्ड्याचं अंतर.
तीन, उत्तर दिशा दर्शविलेली नाही.

बसूनच राहिलो.
आयुष्यभर ड्रॉइंगं वाचली, रात्रपाळीला दिव्याखाली वाचली,
पण शाफ्टला उत्तर नसते.
बुशला नसते, पुलीला नसते.
कसंही फिरवा, बसलं की बसलं.

मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन अंगणात गेलो.
सळयांच्या ढिगाजवळ काटा भिरभिरला,
पपईखाली वेगळंच सांगायला लागला.
कुसुमावती पायरीवर गुडघा चोळत बसलेली.
"काय शोधताय?"
"उत्तर."
तिनं वरही पाहिलं नाही.
"ही की, मोरीची बाजू.
थंडीत तिकडं ऊन टेकत नाही.
एवढ्या वर्षांत कधी पापड घातलेत मी तिकडं?"

आत आलो. बाण काढला,
टोकाशी 'उ' लिहिला.
घराच्या एकाही भिंतीला
तो समांतर आला नाही.