सही जुळत नाही

ऐरोलीला सहाव्या मजल्यावर
मी मेलेल्या माणसांचे शेअर
जिवंत माणसांच्या नावावर करतो.
पगार बरा आहे. कॅन्टीनला बुधवारी अंडाकरी.

गेल्या महिन्यात कोलशेतहून नागूबाई वैती आल्या,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद घेऊन.
नवरा रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
नखं शेवटपर्यंत निळी.
कारखाना मिटला तेव्हा हातात पंचवीस शेअर.

पैशाचं त्या बोललीच नाहीत.
"मना मालकाला भेटाचा हाय," म्हणाल्या,
"खाडीकरची आमची जागा त्यानीच घेतली."

मालक.
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.
सगळ्यात मोठा हिस्सा एका कंपनीचा,
पत्ता मॉरिशसचा, कुणा वकिलाची टपालपेटी.
ती कंपनी दुसरीची. दुसरी एका ट्रस्टची.
ट्रस्ट कुणासाठी, तिथे रिकामी जागा,
खालची रेघ मात्र नीट मारलेली.
उरलेल्यात फंड, विमा, पेन्शनी,
आणि उतरत उतरत तळाशी
मला माझाच प्रॉव्हिडंट फंड भेटला.
फाटकावरच्या रामसुमेरचासुद्धा,
ज्यानं यांना पाऊण तास उन्हात उभं केलं होतं.

"मंग तुमीच सांगा ना त्याला."
मला मत नसतं, फंडाला असतं.
"फंडाला कोन सांगतं?"
एक सल्लागार संस्था आहे.
"न तिला?"
मी पाणी मागवलं.
"घरात कोन नाय, न दिवा पेटलेला," त्या म्हणाल्या.
"बिल कोन भरतं मंग?"

वार्षिक सभा नातवाच्या फोनवर.
अध्यक्ष म्हणाले, आपण सारेच या कंपनीचे मालक.
नागूबाईंनी विचारलं,
टॉवरच्या भिंतीतून गावदेवीला वाट कधी ठेवणार?
छान प्रश्न, नोंद घेतो, म्हणाले.
नोंद मी वाचली:
एका सभासद भगिनींनी
कंपनीच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केले.

त्यांचा अर्ज काल परत गेला.
प्रौढ वर्गात शिकलेली सही,
कधी गूचा उकार राहतो,
कधी बाई पुढच्या चौकटीत जाऊन बसते.
छापील कारणांतल्या चौथ्यावर मी खूण केली:
सही नमुन्याशी जुळत नाही.
खाली माझी सही.
ती दर वेळी जुळते.