बेळकं

वडगावच्या साळी गल्लीत माझं काम एकच:
गणपती आला की तार उचलायची.
अकरा हात वेळू, टोकाला बेळकं,
बेळक्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
ट्यूब दरवर्षी नवी. हे काम जुन्यावर भागवायचं नसतं.

बत्तीस वर्षं मान वर.
तुम्ही मूर्तीचे डोळे बघितलेत,
मी मुकुटाचं टोक आणि तार
आणि त्या दोघांमधली वीतभर जागा.

आषाढात नोटीस लागली. कन्नडात.
भरमाण्णाच्या नातीनं वाचून दाखवली:
तारा जमिनीखाली जाणार,
हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.
निम्म्या गल्लीची हरकत नोटिशीच्या भाषेवर,
उरलेल्या निम्म्याची त्या हरकतीवर.
पाच दिवस त्यातच गेले.
सहाव्या दिवशी शट्टूप्पा म्हणाला,
ते सगळं खरं,
पण पेटी कुणाच्या दारात बसणार?

आणि गल्ली एक झाली.
पेटी म्हणजे कमरेएवढं लोखंडी कपाट,
दारावर कवटी आणि दोन हाडं.
नर्मदाक्का म्हणाली, माझ्या तुळशीसमोर कवटी नको.
मणियारांच्या दुकानाची पायरी जात होती.
गुरुसिद्दप्पा खुर्चीतून न उठता, ब्याड री, ब्याड.
शट्टूप्पाचे आठ माग,
चार दिवस खणणार म्हणजे चार दिवस मुके.
त्यानं बोटांवर साड्या मोजल्या
आणि बोटं संपल्यावर गप्प बसला.

केईबीचे साहेब नकाशा घेऊन आले,
मणियारांच्या काउंटरवर पसरला.
नकाशात गल्ली सरळ होती.
आमची गल्ली आडापाशी वळते,
नर्मदाक्काच्या घरापुढं पोट सुटल्यासारखी फुगते.
साहेबांनी विचारलं, खाली काय काय आहे?

दोन नळ, त्यातला एक कुठं जातो ते ठाऊक नाही.
फोनची मेलेली वायर.
दगडी गटार, वरती सिमेंटचं गटार.
नर्मदाक्का म्हणाली, माझ्या तीन लेकरांच्या नाळा,
ह्या पायरीखाली, दीड हातावर.
गुरुसिद्दप्पानं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं बघितलं,
मग आपल्या उंबऱ्याकडं बोट केलं. चार, म्हणाला. नाल्कू.
साहेबांनी वहीत लिहिलं:
इतर सेवा.

लाइनमन इराप्पा सगळा वेळ खांबाला टेकून उभा.
कुठल्या घराची तार कुठं झिजलीय, कोण रात्री आकडा टाकतो,
हे त्याला वरून पाठ.
जाताना मला म्हणाला,
तुमचं काम गेलं हो, मामा.
आणि मग जरा थांबून,
खाली गेल्यावर मला कसं कळायचं,
कुठं दुखतंय ते?

पेटी शेवटी बुजवलेल्या आडावर बसली.
आड कुणाच्याच दारात नाही.
तिथपर्यंत चर खणला, केबल गेली, खड्डे बुजवले,
म्हणजे बुजवल्यासारखे केले.
पुढच्या निम्म्या गल्लीचं टेंडर वेगळं.
ते कधी, हे साहेबांनाही माहीत नाही,
आणि साहेबही आता बदलून गेले.

यंदा पोरं ओरडत सुटली, गणपती येऊलालाय!
मी वेळू घेऊन पुढं.
आडापर्यंत वर काहीच नव्हतं.
इतकं आभाळ मी ह्या गल्लीत बघितलं नव्हतं,
काय करावं कळेना त्याचं.
सवयीनं वेळू उभा केला,
बेळक्यात वारा.
ट्रॉलीवरचा पोरगा तरी ओरडलाच, तार!
आणि मुकुट धरून बसलेले चौघं
काहीही नसलेल्याखाली वाकले.

आड ओलांडला.
इराप्पा खांबावर होता, त्यानं वरून हात केला.
जुनी तार, वीतभर जागा,
मी मान वर केली.

ट्यूब यंदा निम्मीच झिजलीय.
पुढच्या वर्षी तरी नवीच बांधणार.