पाऊण मीटर खर्ज

कापीव फळ्या भरून उत्तरेला जाणाऱ्या ट्रकात,
सीटमागच्या बिछान्यावर, हिल्काच्या पायथ्याशी
झोपतो तिचा प्रवासी बास.
पाऊण मीटर, बस्स.
चार तारा, रबरी, जाड,
कोंबडीच्या आतड्यासारख्या. हे हिल्काच म्हणते.

आवाज? येतो की.
बादलीत पडलेल्या बटाट्यासारखा येतो:
धप्, आणि संपला.
तिला हवाय तो नवव्या वर्षी ऐकलेला,
तळ्याकाठच्या नाचमंडपात टँगो चालू असताना
टाचेतून शिरून गुडघ्यापर्यंत चढलेला.

मग सुरू झाली चिरफाड.
सोदान्क्यलाच्या मुक्कामी, उणे एकतीस,
इंजिन धडधडत ठेवून
घोडी काढली, कानशीने घासली,
केसभर, अजून केसभर,
मग एक केस जास्तच.
नवी केली रेनडिअरच्या शिंगाची.
तारांखाली भांडी घासायचा स्पंज कोंबला,
काढला,
बाटलीचं बूच चिरून लावलं.
पोटात तांब्याची पट्टी चिकटवली, तारेला डाग दिला.
घरघर गेली,
तिच्यासोबत सुराचा जीवही गेला;
पट्टी उचकटून घरघर परत आणली.

"वाजवतेस की दाढ काढतेस त्याची?"
पंपावरची ल्यूली कॉफी ओतता ओतता विचारते.
मुठीएवढा स्पीकर काउंटरवर ठेवून
हिल्का खुंटी पिळते.
"थांब. आता ऐक."
ल्यूली मान कलती करून ऐकते.
"बटाटाच," म्हणते, "पण सोललेला."

मार्चात तिला ताइस्तो सापडतो,
त्या मंडपात उभा बास वाजवायचा तो.
आता सत्त्याऐंशीचा, बोटं आल्याच्या गाठींसारखी.
मांजर घ्यावं तसा बास मांडीवर घेतो,
जाड तार छेडतो, हसतो.
"माझा बास? फुटका होता गं.
प्लायवूडचा, चिरेत डांबर भरलेलं.
तू ऐकलीस ती जमीन.
फळ्यांखाली पोकळी, पोकळीखाली पाणी,
वर दीडशे जोड्या
एकाच वेळी या पायावरून त्या पायावर.
आम्ही कसलं वाजवतोय?
आम्ही फक्त सांगायचो, आता टाका."

परतताना ऐंशी किलोमीटर ती रेडिओ लावत नाही.
मग थांबते. माल उतरलेला, ट्रेलर रिकामा.
बासच्या बुडाला छिद्र पाडून
बोटभर बर्चची खुंटी ठोकते,
ट्रेलरच्या फळीवर रोवते,
बूट काढते.
लोकरीचे मोजे, बारा अंश उणे.
वायर जोडतच नाही.

धप्.

बटाटा.
पण टाचेशी काहीतरी हललं.
पुन्हा.
घोट्यापर्यंत येतं, तिथेच थबकतं,
अनोळखी घराच्या उंबऱ्यावर थबकावं तसं.

दूरवरून एक गाडी येते, दिवे मंद करते, जाते.
हिल्का बूट चढवते, नाक पुसते,
खिशातून कानस काढते.