ही नव्हे

उणे एकतीस. टेकडीवरच्या नमद्याच्या तंबूंमधून
कोळशाचा धूर खाली उतरतो
आणि दवाखान्याच्या बाकावर
आमच्याआधी येऊन बसतो.

डॉक्टर एनेबिश बूट झटकतात, स्टोव्ह पेटवतात,
दोन्ही तळहात त्यावर धरतात.
गार हाताने मूल तपासायचं नाही,
हा पहिला नियम. दुसरा त्यांनी सांगितलाच नाही,
फक्त माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून
खुंटीला अडकवला.
"आधी बघ."

म्हणून मी बघते.
त्सोल्मोनच्या मांडीवर दहा महिन्यांचं गाठोडं:
मेंढीचं कातडं, दुलई, लोकरी टोपडं, आत आणखी एक टोपडं,
कपाळावर काजळीचं बोट.
अंधारात वस्तीतून येताना वाटेतल्या वाईटाला वाटावं
की हे बाळ नाहीच, ससा आहे.
"काय ससेबुवा," डॉक्टर म्हणतात.
काजळी पुसत नाहीत.
एकेक पदर सोडवत जातात
आणि अर्धा ताप त्या ढिगाबरोबर
बाकावर उतरवून ठेवतात.

मग छाती. उघडी, मुठीएवढी.
मनगटावरचा सेकंदकाटा.
पूर्ण एक मिनिट. अर्ध्याची दुप्पट चालत नाही.
किटली वाजते, कुणी उठत नाही.
चव्वेचाळीस.
पन्नासच्या आत. फासळ्यांखाली खळगा नाही.
दूध ओढतंय. माझ्या बटणावर डोळा आहे.
"सर्दी. पाहुणी आहे, आठवडाभर राहील,
खाऊनपिऊन जाईल."

त्सोल्मोनचा चेहरा पडतो.
तिला सुई हवी होती. दोन टेकड्या उतरून आलेली बाई
रिकाम्या हाताने कशी परतणार?
डॉक्टर कागद ओढतात, ठळक अक्षरात लिहितात:
अंगावर पाजत राहा. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब.
चुलीच्या धुरापासून लांब निजव.
मध नको, वर्षाचा होईपर्यंत.
आणि श्वास असा झाला तर...
इथे लेखणी ठेवून त्या स्वतः करून दाखवतात,
साठीची बाई, नाकपुड्या फुलवून,
खांदे उचलून, भराभरा, धापा टाकत.
...तर रात्र असो, बर्फ असो, उचल आणि ये.
त्सोल्मोन हसते. मग हसत नाही.
आता तिला पाठ झालं.

दिवस असाच जातो.
नाकात मणी घातलेला एक.
कान धरून रडणारी एक, तिच्या बाहुलीचाही कान बघावा लागला.
ट्रकचालक गोन्चिग जुलाबाच्या पोराला
साखरमिठाचं पाणी पाजतोय, एवढ्या मोठ्या हातात
एवढासा चमचा.
ओकला? दहा मिनिटं थांब. पुन्हा चमचा.
"औषध कधी देणार?" तो विचारतो.
"तू देतोयस तेच," डॉक्टर म्हणतात.

आणि चार वाजता मुंखजिन. दोन वर्षांची. रडत नाही.
इथे रडणाऱ्याला रांगेत बसवतात,
न रडणाऱ्यासाठी धावतात.
मी मोजते. बासष्ट. खळगा पडतोय,
दर श्वासाला, जणू आतून कुणी कातडी ओढतंय.
डॉक्टर काहीच समजावत नाहीत आता.
सुई. प्राणवायूची नळी. मोठ्या इस्पितळाला फोन.
गाडी पहाटेशिवाय नाही.

रात्री खारट चहा ओतताना मी विचारलं,
असं नाव का ठेवलं तुमचं?
"माझ्याआधी तीन गेली," त्या म्हणाल्या.
"एकाच तंबूत, तीन हिवाळ्यांत. कुणी मोजलंच नव्हतं.
चौथ्या खेपेला आईनं नाव ठेवलं: ही नव्हे.
न्यायला आलेल्यानं दारात हाक मारून विचारलं
तर उत्तर तयार असावं."
चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं काढून खाल्ली.
"उत्तर चांगलं आहे. पण नुसतं नाव ठेवून
भागत नाही."

त्या बाकावर आडव्या झाल्या, बूट घालूनच.
एक वाजता साठ. तीन वाजता अठ्ठावन्न.
मी वहीत लिहिते,
तळहात स्टोव्हवर धरते,
आणि पुन्हा, पूर्ण एक मिनिट.