कडक बी

आठवा भाग संपतो तिथं
कोरड्या खंडाचं सैन्य नदीकाठी पोचलेलं असतं,
भाले खाली टाकून
ओंजळ करून वाकलेलं.
पुढचं पान कोरं. मग छापखान्याचा पत्ता.
त्याला आता अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षं ती माणसं वाकलेलीच आहेत.

पहिला भाग मला कादराबादच्या वाचनालयात मिळाला,
पाठ उसवलेला,
आतल्या नकाशावर कुणाच्या तरी चहाचं गोल बेट.
ते बेट मी कितीतरी दिवस खरंच समजत होते.
तिथं कोण राहतं ते चौथ्या भागात कळेल
म्हणून थांबले.

वाचायचो टँकरच्या रांगेत.
मी उपड्या घागरीवर, सुग्रीव कावळे कॅनवर.
तो मोठ्यानं वाचायचा, कारण पुस्तक एक
आणि दोघांनाही दम निघत नव्हता.
लढाईच्या पानालाच नेमकी रांग सरकायची,
मागून बाया ओरडायच्या,
"पोरा, तुझा राजा मरू दे, हंडा उचल आधी."

पंखवाल्या सापांवर आमचा विश्वास लगेच बसला.
सुग्रीवचे वडील सळईच्या कारखान्यात रात्रपाळीला,
एमआयडीसीकडचं आभाळ रोजच लाल.
तिकडं काहीतरी श्वास घेतंय
हे सांगायला पुस्तक कशाला लागतं?
हातावरच्या चट्ट्यांना ते "ठिणगी उडली" एवढंच म्हणायचे.
नदीवर मात्र विश्वास बसेना.
बारा महिने वाहणारी, नावा बुडवणारी नदी.
आम्ही पुलावर जाऊन कुंडलिका बघून आलो
आणि ठरवलं, एवढं लेखिकेनं मनानं रचलंय.

मग पाचवा भाग, बाविसावं प्रकरण.
नकाशाची खालची बाजू, तपकिरी,
जिथून सगळे वाईट लोक येतात:
भेगाळलेली जमीन, काटेरी झाडं,
पाणी मापानं वाटणारे, ओठ फुटलेले,
आणि बोलणं असं
की नायिकेच्या माणसांना हसू येतं.
सुग्रीव वाचता वाचता थांबला.
रिकाम्या कॅनवर बोटं वाजवत बसला जरा वेळ.
"द्वारके," म्हणला, "आपण तर तिकडचे हाव."

त्या दिवसापासून आम्ही उलटं वाचलं.
इल्दा जिंकली की गप्प.
तिची तलवार, तिचा आंधळा घोडा, सगळं पाठ होतं.
अजून आहे. झोपेतून उठवा, तिच्या नऊ शपथा सांगते.
प्रेम कमी झालं नाही.
तेच तर अवघड होतं.

सुग्रीव आता चाकणला.
पोरीचं नाव इल्दा ठेवू म्हणाला, तर
आत्यानं पाळण्यात वाकून
कानात भलतंच सांगितलं. रेशनकार्डावर ते आहे.
हा मात्र तिला शिट्टीनं बोलवतो,
कोरड्या खंडातले मेंढपाळ वाजवतात तशी,
दोन लांब, एक आखूड.
मला फोनवर ऐकवली.
पोरगी धावत आली म्हणे.

मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासते.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
गुंडाळायचे, दिवस मोजायचे, उलगडून लिहायचं:
उगवलेले. वेडेवाकडे. मेलेले.
आणि एक रकाना वेगळा, कडक बी.
भेंडीत निघतं, मुगात निघतं.
दाबून बघितलं तर खडा.
पाणी आत घेतच नाही, पण जिवंत असतं.
नवीन पोरं ते मेलेल्यात लिहून टाकतात.
मी ओरडते.

ती बाई आता लिहायची नाही, लोक सांगतात.
आजारी आहे म्हणे. कुणी म्हणतं,
शेवट तिलाच माहीत नाही.
असेल.
मी अधूनमधून आठव्याचं शेवटचं पान काढते
आणि ओंजळी नीट धरल्यात का बघते.
बोटांत फट राहिली तर आलेलं पाणी निघून जातं.
नदीकाठच्या बाईला हे ठाऊक नसावं,
तिनं लिहिलेलं नाही.
आमच्याकडं ते लेकरालाही कळतं.