घेत नाही

जानेवारी. तिघरा धरणाचा काठ. सकाळचे सात.
गाडीच्या टपावरचं सोलर पॅनल
कोहऱ्याखाली पालथ्या परातीसारखं.
धुकं मावशीच्या पुण्यात पडतं.
आमच्या ग्वाल्हेरात कोहरा असतो,
तो पडत नाही, येऊन बसतो.

बाबा माकडटोपी घालून मीटरपुढं उकिडवे.
अर्धा तास इंजिन चालवून झालं,
डायनॅमो ओततोय, आकडा हलत नाही.
रात्रभर तिनं दिवा दिला, पाण्याचा पंप दिला,
माझा फोन भरून दिला.
कुरकुर नाही.
"देते आहे," बाबा म्हणाले. "घेत नाही."

बत्तीस वर्षं त्यांनी लष्करच्या टेलिफोन एक्सचेंजात
बॅटरीखोली सांभाळली.
शिशाच्या प्लेटा, आम्ल, डिस्टिल्ड पाणी,
टर्मिनलला व्हॅसलीन, शर्टाला भोकं.
त्या बॅटऱ्या बोलायच्या म्हणे,
बुडबुडे काढायच्या, वास सोडायच्या,
त्यांना तहान लागायची.
ही निळी, सीलबंद, बावीस किलोची.
हिला पाणीसुद्धा घालता येत नाही.
जिचं काही करता येत नाही अशा वस्तूपुढं
बाबांना बसवत नाही.

हजीऱ्याच्या इक्रामला फोन लावला.
गाडी मेळ्यातून घेतली तेव्हा त्यानंच
बॅटरी मागं, चॅसीखाली, लोखंडी पेटीत बसवली होती.
"कर्पे बाऊजी, पेटी में कितना है?"
"उणे एक." बाबा मराठीतच बोलले, त्याला कळलं.
"तो नहीं लेगी. शून्य के नीचे लेती ही नहीं.
अंदर सर्किट बैठा है, वो रोक रहा है.
दुआ दो उसको."

पुढचं मी माझ्या परीनं समजून घेतलं:
थंडीत लिथियमला आत शिरवत नाही.
तो उंबऱ्यावरच थिजतो, धातूचा थर होऊन बसतो,
आणि एकदा बसला की उठत नाही.
म्हणजे जबरदस्तीनं भरलेलंच तिला मारतं.
देणं चालतं. गारठ्यातही देणं चालतं.

मी बाबांकडं पाहिलं नाही.
आई गेल्यापासून
स्वेटर आणला की तो चौकीदाराच्या अंगावर,
दुसरी पोळी ताटाबाहेर,
पैसे पाठवले की तेवढेच परत,
वर एक रुपया, शकुनाचा.

चार नट. एक गंजलेला, त्यानं पाऊण तास खाल्ला.
दोघांनी मिळून बावीस किलो आत आणले,
बाबांच्या बाकाखाली.
खाली थर्माकोल, बाजूंना गजकच्या खोक्याचे पुठ्ठे,
तिळाचा वास अजून असलेले.
इन्व्हर्टरच्या जाळीला मात्र हात लावायचा नाही,
त्याला श्वास लागतो.
मग बाबांनी बॅग उघडली आणि तळातून काढला
गुडघ्याला बांधायचा गरम पट्टा.
मी दिवाळीत आणलेला.
घडी मोडली नव्हती, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच.
"हिला होईल," म्हणाले.

पट्टा तिच्याच शिलकीवर चालणार होता.
साठ टक्क्यांतले दोन-तीन घालवून
आधी स्वतःला ऊब द्यायची, मग घ्यायचं.
बाबांना हा हिशेब पटेना.
"उधळपट्टी," म्हणाले, आणि बटण दाबलं.

साडेअकराला ऊन आलं, पातळ, ताकासारखं.
पेटीत पाच अंश.
मीटरवर दोन, मग चार, मग आठ अँपिअर.
बाबांनी एक्सचेंजच्या काळातल्या अक्षरात
वहीत लिहिलं: ११.४०. घेते.
खाली रेघ मारली. मग सही केली.
कुणासाठी, विचारलं नाही.

रात्री पंपासाठी उठले तेव्हा टॉर्च चुकून बाकावर गेला.
रजई पायाकडून सरकलेली,
आणि दोन्ही तळवे
पुठ्ठ्याच्या भिंतीला घट्ट लावून
बाबा झोपले होते.

टॉर्च विझवला.
पंप अंधारातच बंद केला.