उतार

टॉवेलात गुंडाळून आणली होती त्यानं,
जशी कोणी विळी आणावी धार लावायला.
टपरीत बाई बघून आधी शेजारच्या पंक्चरवाल्याकडे गेला.
पंक्चरवाल्यानं अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं.

हिराजी मढवी. महाप्याच्या रंग-कंपनीतला माळी.
मोटर फळीवर ठेवली, फळी जराशी वाकली.
"टक् करतं," म्हणाला, "पन फिरत नाय."

गवत कापायचा बुटका ट्रॅक्टर,
कुणा जुन्या साहेबानं हौसेनं परदेशातून मागवलेला.
साहेब गेला. कंपनीचं नावही दोनदा बदललं;
गेटावर नव्या पाटीभोवती जुन्या पाट्यांची भोकं दिसतात.
पार्ट मिळत नाही. पर्चेसवाला म्हणतो, भंगारात घाला.

"कधीपासून बंद?"
"दोन वर्सं."
"आणि गवत?"
तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

पारसिकच्या अंगाला लॉन चढत जातं म्हणे.
रोज संध्याकाळी ट्रॅक्टर वरच्या टोकाला उभा करायचा,
चाकाखाली वीट.
सकाळी वीट काढायची, बसायचं, गडगडू द्यायचं,
गुलमोहराशी आल्यावर क्लच सोडायचा.
एक हिसका. चालू.
खाली सपाटीला बंद पडलाच तर कँटीनची तीन पोरं ढकलतात,
बदल्यात कंपनीच्याच झाडाचे पेरू.

उघडण्याआधी मी कवचावर छिन्नीची रेघ मारते,
परत बसवताना रेघेला रेघ लागावी म्हणून.
रेघ होतीच.
तेलाच्या काळ्या थराखाली, बारीक, एका घावात मारलेली.
माझ्याआधी कोणीतरी इथं येऊन गेलं होतं
आणि त्याला घाई नव्हती.

आत भुकटी. खाडीची हवा तांब्यापर्यंत पोचलेली, हिरवी.
चारांपैकी दोन ब्रश नखाएवढे उरलेले.
पण जळका वास नाही.
बावीस वर्षं रबाळ्यात पंख्यांच्या कॉइली गुंडाळल्यात मी,
जळलेलं तांबं मला
शेजारच्या घरात दूध करपावं तसं दारातच कळतं.
हे जळलं नव्हतं. याला नुसतं काही पोचत नव्हतं.

पेट्रोलनं धुतलं.
करवतीच्या तुटक्या पात्यानं कम्युटेटरच्या फटी कोरल्या,
एकवीस. मोजायची गरज नसते, तरी मोजते.
टेम्पोचे ब्रश आणले, मोठे,
कानशीवर घासत घासत मापात बसवले.
हिराजी स्टुलावरून बघत होता.
"माझी पोरगी बी इलेक्ट्रिकल करते, ऐरोलीला.
मशीनला हात लावू देत नाय. सगळं फळ्यावर."
"पाठव शनिवारी," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.

जुन्या रेघेलाच रेघ लावली. माझी वेगळी मारली नाही.

व्हाइसमध्ये आवळून बॅटरीची एक वायर अंगाला,
दुसरी बोल्टला टेकवली –
ठिणगी, आणि मोटरनं फळीसकट अंग झटकलं,
नटांचा डबा खाली,
पंक्चरवाला हातात ट्यूब घेऊनच बाहेर.
हिराजी उभा राहिला होता,
कुणी मोठं माणूस आत आल्यासारखा.

साडेचारशे झाले. पाचशे दिले,
सुटे शोधायला लागले तर म्हणाला, ऱ्हाऊ दे,
पोरीच्या चहाचे धर.

डिसेंबरात घणसोलीला पंप पोचवायला निघाले होते,
ती पोरगी रिक्षात शेजारी, मांडीवर पंप.
कंपनीच्या कुंपणाशी थांबलो.
लॉन ताजं कापलेलं. आणि ट्रॅक्टर
वरच्या टोकाला, तोंड उताराकडे,
चाकाखाली वीट.

"पुन्हा बिघडली?"

तो पाण्याचा पाइप टाकून जाळीशी आला.
"नाय. किल्लीनंच व्हतो चालू. रोज."
पोरीकडे बघितलं, मग विटेकडे.
"पन वर असला की मना झोप लागते."